आजीला कुठे झाला होता बर्नआउट?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर इंदूरच्या लोकमान्य नगरच्या काकांनी एक मेसेज टाकला. तोच मग भिशीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही. सार असं: बर्नआउट, म्हणजे कामाने माणूस आतून पार संपून जाणं, हे हल्लीच्या पोरांचं खूळ आहे, आपल्या आज्या जात्यावर दळायच्या, त्यांना कधी काही झालं नाही, कामावर प्रेम असलं की थकवा येत नाही, आलाच तर आठ दिवस फिरून या, पहाटे उठून प्राणायाम करा, आणि मोठी माणसं ७० तास काम करा म्हणतात ते काय उगीच? काका, राग मानू नका, पण एकेक करून बोलते.

आधी आजी. शब्द नवा आहे, कबूल. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये त्यावर लेख लिहिला. पण नाव नव्हतं म्हणून दुखणंही नव्हतं, हे कुठलं गणित? रामबागेतल्या घरात माझी आजी दुपारची भांडी उरकली की भिंतीकडे तोंड करून पडायची आणि आम्हाला सांगितलं जायचं, तिचं डोकं दुखतंय, दंगा करू नका. ते डोकं वीस वर्षं दुखत होतं. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही, नोकरी-व्यवसायातून येणारी अवस्था म्हणते, आणि त्याबाहेर हा शब्द वापरू नका असंही सांगते. म्हणजे आजी व्याख्येत बसतच नाही. (मला यात व्याख्याच तोकडी वाटते. असो.)

‘कामावर प्रेम असलं की थकवा येत नाही.’ हे वाक्य वाचून मला हसू आलं, कारण मी त्याचा चालता-बोलता पुरावा होते, उलट बाजूचा. भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये मी अकरा वर्षं फिजिक्स शिकवलं. दिवसाला सहा बॅचेस, रात्री दहानंतर मोबाइलवर पोरांचे डाउट. मला हे काम मनापासून आवडायचं. आणि फ्रॉयडेनबर्गरनेही हेच लिहिलंय: बर्नआउटचा धोका असतो तो जीव ओतून काम करणाऱ्यांना. ज्याला घड्याळाकडे बघून निघता येतं तो सहसा वाचतो.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक यांनी पुढे याच्या तीन खुणा सांगितल्या: शीण, कामाबद्दल आणि माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. शीण मी चहावर निभावून नेत होते. दुसरी खूण कळली ती खरगोनहून आलेला एक मुलगा वही घेऊन टेबलापाशी आला तेव्हा. चांगला, कष्टाळू पोरगा. माझ्या मनात आलं, ‘आला पुन्हा डोकं खायला.’ त्या रात्री झोप लागली नाही. त्या वर्षी माझ्या बॅचचा निकाल उत्तम होता, तरी पेढे वाटताना वाटत होतं की ही पोरं माझ्याशिवायही पास झालीच असती.

आठ दिवस फिरून या. गेले होते ना! महेश्वरला, नर्मदेच्या घाटावर, छान झोपले. परतल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरची किल्ली हातात घेऊन दारात तशीच उभी राहिले. सुट्टीचा गुण काही आठवड्यांत ओसरतो असं अभ्यासही सांगतात, कारण परत जायचं ते त्याच वेळापत्रकात. मॅस्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर कामाच्या ठिकाणी सहा जागा तपासायला सांगतात: कामाचा बोजा, त्यावर आपला ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय, आणि आपल्या मनाला पटणं. मी पहिल्या दोनांना हात घातला. सहाच्या चार बॅचेस, रात्री आठनंतर फोन बंद. पगार कापला गेला, घरात कुरकुर झाली. पोरांचे चेहरे पुन्हा आवडायला लागायला आठ महिने लागले.

प्राणायाम जरूर करा. त्याने बॅच कमी होत नाही, इतकंच.

आता ७० तास. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती २०२३ मध्ये तसं म्हणाले, खरंय. पण स्वतःच्या कंपनीसाठी राबणं वेगळं आणि दुसऱ्याने आखलेल्या ड्यूटीवर राबणं वेगळं. शिवाय जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये आकडे दिलेत: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के.

मेसेजमधलं एक मला मान्य आहे: प्रत्येक थकवा म्हणजे बर्नआउट नव्हे. माझ्या डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं, ते बरोबरच केलं. आणि सुट्टीतही, घरच्या माणसांतही काहीच गोड लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

काका, तुमचा धाकटा सुपर कॉरिडॉरच्या ऑफिसातून रात्री अकराला येतो आणि जेवताना एक शब्द बोलत नाही, असं दिवाळीत तुम्हीच म्हणाला होतात. तो मेसेज त्यालाही गेलाय का? गेला असेल, तर आज रात्री त्याच्या ताटासमोर बसून एवढंच विचारा, ऑफिसात सध्या किती जणांचं काम तुझ्या एकट्याच्या अंगावर आहे रे?