पुरे झालं तुमचं मॉलपुराण!

पुन्हा तेच! जुन्या अमेरिकन मॉलचा एखादा धूसर फोटो दिसला, कारंजं, निऑनचे दिवे, फूड कोर्ट, की पन्नाशीला टेकलेल्यांचे उसासे सुरू. "काय दिवस होते!" अहो, काय होते? खिशात दमडी नाही, एक सरबत चौघांत, आणि चार तास त्याच सरकत्या जिन्यावरून वर-खाली!

संगीत म्हणे तेव्हाच खरं होतं. एका गाण्यासाठी अख्खी सीडी घ्यायची, उरलेली गाणी भंगार. हाच का तो सुवर्णकाळ?

आणि बंडखोरी तर विचारूच नका. काळे कपडे, काळं नेलपॉलिश, कमरेला साखळ्या... सगळं मॉलमधूनच! 'हॉट टॉपिक' नावाची मॉलमधली कपड्यांची दुकानं १९८९पासून दुसरं काय विकतायत? व्यवस्थेविरुद्धचा टी-शर्ट, पावतीसकट. (साइज मोठा झाला तर बदलूनही मिळायचा.)

ज्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाने १९५६ साली मिनेसोटात साउथडेल हा पहिला बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला, त्यानेच पुढे या मॉलसंस्कृतीपासून हात झटकले. तुम्ही मात्र अजून गळे काढताय!

वर आजच्या पोरांना टोमणे: सारखी मोबाइलमध्ये, कुठे जमतच नाहीत. जमणार कुठे, तुमच्या डोक्यावर? 'मॉल ऑफ अमेरिका'ने १९९६मध्येच शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी सोळाच्या आतल्यांना मोठ्यांशिवाय फिरायला बंदी केली. आता तर चार पोरं बाकावर टेकली की सुरक्षारक्षक हजर. कुणाच्या तक्रारीवरून? तुमच्याच की!