कर्नल अपडेटनंतर बंद पडलेला दुसरा मॉनिटर: अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अपडेट केलंत आणि ऐन कामाच्या दिवशी दुसरा पडदा काळा पडला आणि अर्धा दिवस फोनवर गेला, म्हणजे चिडचिड होणारच. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: आम्ही उगाच केबलींची अदलाबदल करायला लावली, मग 'जुन्या कर्नलवर ढकलून' हात झटकले, वर अपडेट करू नका म्हणून सांगितलं, आणि इतकं होऊनही डावा मॉनिटर उजवीकडे गेला तो गेलाच, म्हणून तपासणीचं शुल्क परत हवं. हे वाचून इतर कुणी गोंधळू नये म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी केबलींचं. मशीन बंद करून ग्राफिक्स कार्डाच्या (ज्याला मॉनिटर जोडतात त्या) दोन पोर्टांमधल्या केबली एकमेकींच्या जागी लावा, एवढंच सांगितलं होतं. दोष केबलीत किंवा मॉनिटरमध्ये असता, तर तो त्यांच्याबरोबर दुसऱ्या पोर्टावर गेला असता. तसं झालं नाही. काळा राहणारा मॉनिटर पहिल्या पोर्टावर लख्ख चालू झाला आणि आधी चालणारा बंद पडला. म्हणजे मॉनिटर ठीक, केबली ठीक. संशय उरला तो पोर्टावर आणि ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामवर.

त्याचा निकाल लावायलाच जुनं कर्नल लागलं. लिनक्समध्ये नवं कर्नल आलं की जुनं पुसलं जात नाही, शेजारीच राहतं. मशीन सुरू होताना कर्नल निवडणारा ग्रब हा प्रोग्राम आपोआप नव्याला पुढे करतो, पण 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये गेलं की मागचंही निवडता येतं. तुम्ही ते निवडलंत आणि दोन्ही पडदे पूर्ण रिझोल्यूशनला लागले. तेच कार्ड, तेच पोर्ट, त्याच केबली. तुम्ही याला टोलवाटोलवी म्हणता, पण एकही स्क्रू न काढता हार्डवेअर निर्दोष ठरवणारी याहून सोपी तपासणी मला तरी माहीत नाही. घाईघाईत नवं कार्ड किंवा मॉनिटर घेऊन बसणारे कमी नाहीत. तुमचा तो खर्च टळला, हे अभिप्रायात यायला हवं होतं.

आता मूळ कारण. तुमच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या आत येत नाही, तो बाहेरून बसवलेला आहे. असा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. हे काम डीकेएमएस नावाचं साधन आपोआप करतं, पण त्याला त्या नेमक्या कर्नलच्या हेडर फायली (ड्रायव्हर बांधायला लागणारी कर्नलची माहिती) लागतात. तुम्ही नवं कर्नल तुमच्या वितरणाच्या (तुम्ही वापरता त्या लिनक्स आवृत्तीच्या) अधिकृत भांडारातून न घेता फायली उतरवून हाताने बसवलं होतं, त्यात हेडरचं पॅकेज राहून गेलं. कर्नल सुरू झालं, ड्रायव्हर मात्र बांधलाच गेला नाही. कर्नलसोबतच येणारा खुला नूव्हो ड्रायव्हर तरी मदतीला यायला हवा होता, पण बाहेरचा ड्रायव्हर बसताना त्याला आधीच मज्जाव करून ठेवतो. मग उरतो तो मशीन सुरू होताना फर्मवेअरने (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामने) मांडून दिलेला साधा पडदा. सेटिंगमध्ये दोनऐवजी एकच डिस्प्ले, तोही 'अननोन' नावाने, आणि रिझोल्यूशन बदलायला जावं तर यादीत एकच आकडा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नेमकं हेच दिसत होतं. तो फोटो पाहूनच आमच्या तंत्रज्ञाचा संशय ड्रायव्हरकडे वळला होता, पण नुसत्या संशयावर कुणाच्या मशीनमध्ये हात घालायचा नाही, अशी आमची पद्धत आहे.

आम्ही वितरणाचं स्वतःचं कर्नल बसवलं आणि सोबत असं पॅकेज ठेवलं, की पुढचं कर्नल येईल तेव्हा त्याचे हेडरही बरोबर येतील. ड्रायव्हर बांधला गेला, दोन्ही पडदे लागले. तपासणीचं शुल्क त्या कामाचं आहे. ते परत करणार नाही.

'अपडेट करू नका' असं आमच्याकडून कुणी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. कर्नलच्या अपडेटमधून सुरक्षेची भगदाडं बुजवली जातात, ती अडवून कसं चालेल? सांगितलं ते असं, की बाहेरून कर्नल उतरवून बसवू नका. लिनक्सच्या मूळ प्रकल्पाचं नवं कर्नल साधारण दर 9 ते 10 आठवड्यांनी येतं. बाहेरच्या ड्रायव्हरला त्या वेगाने जुळवून घेणं दर वेळी जमतंच असं नाही, कारण कर्नलची आतली रचना बदलत राहते आणि ती स्थिर ठेवण्याचं वचन कुणी दिलेलं नाही. कामाच्या मशीनवर 6.6 किंवा 6.12 सारख्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या मालिका बऱ्या. नवंकोरं हार्डवेअर असेल तर गोष्ट वेगळी. तुमचं तसं नाही.

राहिला डाव्या-उजव्याचा घोळ. तुमचा डेस्कटॉप पडद्यांची मांडणी लक्षात ठेवतो ती पोर्टाचं नाव आणि मॉनिटरची ओळख यांच्या जोडीने. तपासणीत केबली बदलल्या त्या तशाच राहिल्या. जोड्या बदलल्या, म्हणून जुनी मांडणी लागू होत नाही आणि माउसचा बाण उलट्या कडेने बाहेर पडतो. एकतर मशीन बंद करून केबली पूर्ववत करा, किंवा डिस्प्ले सेटिंगमधले दोन चौकोन ओढून जागेवर आणा आणि 'अप्लाय' करा. दुसरा मार्ग घेतलात तरी लॉगिनचा पडदा चुकीच्या मॉनिटरवर येऊ शकतो, कारण त्याची मांडणी वेगळ्या फायलीत असते. तसं झालं तर फोन करा. हे त्याच कामात धरलेलं आहे, वेगळे पैसे लागणार नाहीत.

आणखी एक. आधीचं चालतं कर्नल तुमच्या मशीनवर मुद्दाम ठेवलं आहे. जागा मोकळी करायला ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा) चालवाल, तेव्हा काय काय काढलं जाणार त्याची यादी वाचा आणि मगच होकार द्या.