‘आर-स्क्वेअर 0.06 म्हणजे निष्कर्ष 94 टक्के खोटा’ हे साफ चुकीचे आहे

पश्चिम घाटातल्या ओढ्याकाठच्या बेडकांवर प्रबंध लिहिणाऱ्या माझ्या भाचीने परवा रात्री फोन करून विचारले, “मामा, ते प्रकरण काढूनच टाकू का?” त्या प्रकरणातल्या मॉडेलचा, म्हणजे मोजलेल्या घटकावरून बेडकांच्या संख्येचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणाचा, आर-स्क्वेअर 0.06 आला होता, आणि विद्यार्थ्यांच्या गटांतून फिरणारा एक संदेश तिच्यापर्यंत पोहोचला होता. त्याचे म्हणणे असे: आर-स्क्वेअर 0.7 च्या खाली असेल तर मॉडेल निकामी, 0.06 असेल तर निष्कर्ष 94 टक्के खोटा. आणि आकडा कमी आला तर तो वाढेपर्यंत नवे घटक घालत राहावे. दोन पावसाळे रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन ओढ्यात उभी राहिलेली मुलगी अशा मजकुराने खचते, याचा मला संताप आहे.

94 टक्क्यांचा मुद्दा सर्वांत अडाणीपणाचा आहे. आर-स्क्वेअर हे मॉडेलच्या खरेपणाचे माप नाही. नोंदींमधल्या चढउतारापैकी किती वाटा आपण मोजलेल्या घटकाशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो. उरलेल्या वाट्यात त्या रात्रीचा पाऊस, ओढ्याचा वेग आणि दगडाखाली दडल्यामुळे मोजणीतून सुटलेला बेडूकही येतो. हिशेबच करून पाहू. समजा, झाडांची सावली 10 टक्क्यांनी वाढली की बेडूक सरासरी 2 ने वाढतात, आणि इतर कारणांनी होणाऱ्या चढउताराचे प्रमाण विचलन (सरासरीपासून नोंदी साधारण किती दूर पसरतात याचे माप) 8 आहे. निम्मी ठिकाणे 40 टक्के आणि निम्मी 60 टक्के सावलीची निवडली, तर आर-स्क्वेअर सुमारे 0.06 येतो, 10 आणि 90 टक्क्यांची निवडली, तर 0.5 येतो. सावलीचा परिणाम दोन्हीकडे तोच आहे, बदलली ती फक्त ठिकाणांची निवड. मग पहिला निष्कर्ष 94 टक्के खोटा कसा?

0.7 ची मर्यादा कोणी घालून दिली, हे संदेशात नाही. मोलर आणि जेनियन्स या संशोधकांनी 2002 मध्ये परिस्थितिविज्ञान व उत्क्रांतीशास्त्रातल्या 43 मेटा-विश्लेषणांचा (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणाऱ्या अभ्यासांचा) आढावा घेतला, तेव्हा मुख्य घटकाने उलगडणारे विचरण, म्हणजे चढउताराचा वाटा, सरासरी 2.51 ते 5.42 टक्के भरले.

घटक वाढवण्याचा सल्ला तर घातकच आहे. घटक घातल्याने साधा आर-स्क्वेअर कधीच कमी होत नाही. 24 ठिकाणांच्या नोंदींत बेडकांशी काडीचाही संबंध नसलेले 12 यादृच्छिक घटक घातले, तरी तो सरासरी 0.52 पर्यंत जातो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. आर-स्क्वेअर 0.06 असताना एखाद्या विशिष्ट ठिकाणी किती बेडूक सापडतील, याचे भाकीत त्या मॉडेलवरून करू नये. शिवाय, मधल्या सावलीत बेडूक सर्वाधिक असतील आणि आपण सरळ रेषाच बसवली असेल, तर आकडा कमी येण्याचा दोष आपलाच असतो. म्हणून भाचीला सांगितले, की प्रकरण काढू नकोस. अवशेषांचा, म्हणजे प्रत्यक्ष नोंद आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकांचा, आलेख आधी काढ, त्यात वक्रता दिसते का ते तपास, आणि नंतर उतार (घटक वाढला की बेडूक किती वाढतात) व त्याची विश्वास-मर्यादा (तो उतार कोणत्या पल्ल्यात असू शकतो) लिहून शेजारी 0.06 हा आकडा जसाच्या तसा छाप.