आतड्यातील स्टेंटबाबतच्या संदेशासंबंधी खुलासा

‘आतडे बंद झाले तर ऑपरेशन नको, जाळी बसवली की कॅन्सरही बरा होतो,’ असा संदेश सध्या फिरत आहे. एंडोस्कोपी (दुर्बिणीने आतून तपासणी व उपचार) विभागात रोज काम करत असल्याने स्पष्ट सांगते की, हा दावा चुकीचा आहे.

पेन्सिलीहून बारीक नळीत मिटवलेली ही धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, दुर्बिणीतून आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत कॅन्सरच्या गाठीमुळे अरुंद झालेल्या जागी सोडली जाते आणि एक-दोन दिवसांत उमलून सुमारे 2 ते 2.5 सेंटिमीटर रुंद होते. वाट मोकळी होते, गाठ मात्र तिथेच राहते. म्हणूनच युरोपातील एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूच्या कॅन्सरमध्ये स्टेंट हा तातडीच्या शस्त्रक्रियेला एक पर्याय मानला असला, तरी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी नियोजित शस्त्रक्रिया सुचवली आहे. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्यांना मात्र त्याने मोठा दिलासा मिळतो. आतड्याला छिद्र पडले असल्यास स्टेंट बसवत नाहीत, आणि आतड्याला पडलेला पीळ किंवा जुन्या ऑपरेशननंतर आतडी चिकटल्याने झालेला अडथळा यांवर तो उपाय नव्हे.

पोट फुगून उलट्या होत असतील, शौच आणि वायू दोन्ही थांबले असतील, तर तासही न दवडता रुग्णालय गाठावे. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.