रुळांवरून दूधसागर? आता नको!
कॅसलरॉक स्टेशनहून रुळांवरून चालत गोव्यातल्या दूधसागर धबधब्याला जायचं तुमच्या लेखातलं वर्णन वाचून जुने दिवस आठवले, पण तो रस्ता आता सुचवू नका. रुळांवरून चालणं गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये तिथे पोहोचलेल्या मंडळींना चक्क उठाबशा काढायला लावल्या होत्या! शिवाय त्या बोगद्यांत गाडी आली तर पळणार कुठे?

पावसाळा सरला की कुळे गावाहून जीपने अभयारण्यातून जा. शेवटचा टप्पा दगडधोंड्यांतून पायीच आहे, तेवढी हौस भागते. हातात खाऊची पिशवी मात्र नको, माकडं हिसकावतात (माझी चकली गेली). ३१० मीटरचा तो पांढराशुभ्र लोट ऐन पावसात बघायचाय? मग रेल्वेच्या खिडकीतूनच.