नको असलेली एक्स्टेन्शन्स जपण्याविषयी काही सूचना

नव्या लॅपटॉपवरचा ब्राउझर फारच ओकाबोका दिसतो. त्याला एक्स्टेन्शन्सनी, म्हणजे ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या जादा प्रोग्रॅम्सनी, भरल्या घराची शोभा आणायची असेल, तर कोणताही मोफत प्रोग्रॅम इन्स्टॉल करताना वाचण्याच्या भानगडीत पडू नये. 'नेक्स्ट' हे बटण ठळक निळे आणि 'कस्टम इन्स्टॉलेशन' ही ओळ जेमतेम दिसेल इतकी फिकट ठेवण्यामागे कर्त्यांनी काही विचार केलेला असतो, त्याचा मान राखावा. ज्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली आहे, ती तशीच राहू द्यावी. जावासारख्या सर्वमान्य सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमधून आस्क टूलबार ही ब्राउझरमधली शोधाची आगंतुक पट्टी वर्षानुवर्षे याच खुणेच्या आधाराने घरोघर पोचली, तेव्हा ही परंपरा भुरट्यांची नसून चांगल्या थोरामोठ्यांची आहे.

संकेतस्थळांवरचे व्हिडिओ आणि खेळ चालवणारा फ्लॅश प्लेअर जुना झाल्याची सूचना दिसताच तो अपडेट करावा. तो ३१ डिसेंबर २०२० रोजीच बंद झाला, ही क्षुल्लक बाब आड येऊ देऊ नये.

परवानग्या वाचू नयेत. हवामान सांगणाऱ्या एक्स्टेन्शनला सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व डेटा वाचण्याची आणि बदलण्याची मुभा हवी असते, ती तुमच्या बँकेच्या पानावर ऊन आहे की पाऊस हे पाहण्यासाठीच असणार.

एकदा घेतलेल्या एक्स्टेन्शनकडे पुन्हा ढुंकूनही पाहू नये. त्याचा मालक बदलला तरी आपल्याला कोणी कळवत नाही, त्यामुळे मनःशांती टिकते. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारे 'द ग्रेट सस्पेंडर' मूळ कर्त्याने २०२० मध्ये दुसऱ्याच्या हवाली केले, तेव्हा वापरणारे वीस लाखांच्या घरात होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात मालवेअर असल्याचे सांगून ते बंद केले, तोवर बहुतेकांची झोप उत्तम चालू होती.

एका खात्याची ब्राउझर-सेटिंग्ज सगळ्या संगणकांवर सारखी ठेवणारे सिंक चालू ठेवावे, म्हणजे घरी मिळालेल्या प्रसादाचा लाभ कार्यालयातल्या संगणकालाही होतो.

एवढे करूनही एखादे एक्स्टेन्शन काढण्याची दुर्बुद्धी झालीच, तर काय होते तेही सांगतो. गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने कॉलेजच्या अर्जासाठी आमच्या घरच्या लॅपटॉपवर पीडीएफची वर्ड फाइल करून देणारा एक मोफत प्रोग्रॅम घेतला. फाइल बदलली की नाही ते त्यालाच ठाऊक, पण होमपेज बदलले, सर्च इंजिन बदलले, आणि स्वारगेटच्या बसची वेळ शोधली तरी दोन अनोळखी पत्त्यांवरून फिरून जाहिरातींनी भरलेल्या पानावर येऊन पडण्याची सोय झाली. एक्स्टेन्शन्सच्या पानावर गेलो, तर त्या प्रोग्रॅमने बसवलेले एक्स्टेन्शन बंद करण्याचे बटण करडे पडलेले आणि 'काढा' हे बटण मुळात नाहीच. वर सूचना अशी की हा ब्राउझर तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित केला जातो. माझी कोणती संस्था? लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर असतो. या संस्थेची सर्वसाधारण सभा कधी झाली, ठराव कोणी मांडला आणि त्याला अनुमोदन कोणी दिले? कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर आवश्यक ती एक्स्टेन्शन्स सक्तीने बसवता यावीत म्हणून कंपन्यांना आणि कॉलेजांना दिलेली ही सोय आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, तशी एक नोंद केली की क्रोम ती निमूटपणे पाळतो, आणि या हरामखोरांनी तीच नोंद माझ्या लॅपटॉपवर करून ठेवली होती. ती पुसली, ब्राउझर उघडला, तर महाशय पुन्हा हजर, कारण ठरल्या वेळी कामे आपोआप करणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये तीच नोंद परत लिहिणारे एक काम आधीच लावून ठेवलेले होते. म्हणजे हे काढले जाणार याची कल्पना बनवणाऱ्याला होती आणि त्याने त्यावर मेहनत घेतली होती. आधी विंडोजच्या यादीतून मूळ प्रोग्रॅम, मग शेड्युलरमधले ते काम, मग रजिस्ट्रीतल्या पॉलिसीजखालची क्रोमची नोंद, आणि शेवटी होमपेज व सर्च इंजिन, या क्रमाने गेल्यावर ब्याद टळली. पण माझा अख्खा रविवार त्यात गेला. (लॅपटॉप खरोखरच कार्यालयाचा असेल, तर मात्र त्या नोंदींना हात लावू नका.)

सूचना पुरे झाल्या. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनो, फुकट द्यायचे नसेल तर सरळ पैसे मागा. किंमत सांगितली असती तर दिलीही असती. दाराची कडी आतून लावून घरात बसण्याला व्यवसाय म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

आणि तुम्हीही हसू नका. तुमच्या आईवडिलांच्या संगणकावरचे एक्स्टेन्शन्सचे पान तुम्ही शेवटचे कधी उघडले होते? आज उघडा, आणि ज्याचे काम एका वाक्यात सांगता येत नाही ते काढून टाका. उजव्या कोपऱ्यात 'तुमचा संगणक धोक्यात आहे' म्हणून वडिलांना घाबरवणारी जी चौकट सारखी येते, ती बहुधा एक्स्टेन्शनची नसतेच. कोणत्या तरी संकेतस्थळाला कुणीतरी न वाचता 'अलाउ' दाबून दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते, तीही सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा.