टायरवर तो एक आकडा छापायला काय जातं?

गाडीला नवे टायर घालायचे असतील आणि पेट्रोल कमी खाणारे हवे असतील, तर धड उत्तर देणारा माणूस सापडत नाही. दुकानात विचारा, "यातला अ‍ॅव्हरेजला कुठला बरा?" उत्तर येतं, "हा घ्या साहेब, पन्नास हजार किलोमीटर कुठे जात नाही." अरे, टायर किती चालेल ते विचारलंच नाहीये! लिटरमागे गाडी किती जाईल ते विचारलंय. दुसरा म्हणतो, सगळे सारखेच असतात. तिसरा त्या महिन्यात ज्या कंपनीची स्कीम चालू असेल तिचा टायर पुढे सरकवतो. चार टायरचे वीस-पंचवीस हजार मोजायचे आणि त्या बदल्यात काय, तर दुकानदाराचा अंदाज.

संताप याचा, की उत्तर उपलब्ध आहे. ते मोजलेलं आहे, कागदावर आहे, फक्त गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही.

टायर फिरताना रस्त्याला टेकणारा भाग दबतो, पुढे गेला की परत उलगडतो. प्रत्येक वेळी रबरात थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हायवेवर तासभर गाडी चालवून टायरला हात लावा, तो गरम लागतो. ती उष्णता तुमच्या पेट्रोलमधून आलेली असते. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात आणि तो टनामागे किती किलो, असा मोजतात. आकडा ७ असेल तर १२०० किलोची गाडी सपाट रस्त्यावर नुसती पळती ठेवायला ८.४ किलोचा जोर लागतो. आकडा १० असेल तर १२ किलोचा. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारा तोच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये अधिसूचना काढून एआयएस-१४२ हे मानक टायरना लागू केलं. नव्या डिझाइनच्या टायरना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्यांना १ एप्रिल २०२३ पासून रोलिंग रेझिस्टन्स आणि ओल्या रस्त्यावरची पकड या दोन्हींची मर्यादा पाळावी लागते. कारच्या साध्या टायरना रेझिस्टन्सची मर्यादा आहे १०.५. म्हणजे १०.४ वालाही पास आणि ७ वालाही पास. दोघे एकाच रॅकवर शेजारी शेजारी उभे. दोघांवर आयएसआयचा शिक्का आणि कारच्या टायरचा तोच आयएस १५६३३ नंबर. गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? नक्षी बघून? वास घेऊन?

युरोपात हा प्रश्न कधीच सुटलाय. तिथे नोव्हेंबर २०१२ पासून टायरवर लेबल लावणं सक्तीचं आहे. मे २०२१ पासून तर 'ए' ते 'ई' अशा पाच श्रेणी, सोबत क्यूआर कोड, तो स्कॅन केला की सरकारी नोंदीत त्या टायरची माहिती समोर. 'ए' म्हणजे ६.५ किंवा कमी, 'सी' म्हणजे ७.८ ते ९, आणि 'ई' म्हणजे १०.६ किंवा जास्त. आपल्या अपोलो, सिएटसारख्या कंपन्या तिकडे टायर विकतात तेव्हा हे लेबल लावूनच विकतात. मोजायची यंत्रं आहेत, आकडे आहेत, छापायचा अनुभवही आहे. मग इथल्या गिऱ्हाइकानेच काय घोडं मारलंय?

इंपोर्टेड टायरच्या कडेवर गोलातल्या 'ई' च्या (हा लेबलच्या श्रेणीतला 'ई' नव्हे) पुढे नंबर असतो आणि शेवटी 'एस२डब्ल्यूआर२' अशी अक्षरं. ती दाखवून कोणी म्हणालं की बघा, कमी रेझिस्टन्सचा आहे, तर फसू नका. आवाज आणि रेझिस्टन्सच्या दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेत आणि ओल्या पकडीच्या परीक्षेत टायर पास झालाय, एवढाच त्याचा अर्थ. किती मार्कांनी, ते त्यात नाही. टायरच्या नावातल्या 'इको', 'ग्रीन', 'फ्युएल' वरही जाऊ नका. एकाच नावाच्या टायरला वेगवेगळ्या साइझमध्ये वेगवेगळी श्रेणी मिळते, हे युरोपच्या याद्यांत उघड दिसतं.

फ्रिज आणि एसीवर तारे लावायला लावणाऱ्या ऊर्जा दक्षता ब्युरोने टायरसाठीही तारे आणले, पण ऐच्छिक. ज्याचा टायर खराब आहे तो स्वतःहून एक तारा चिकटवून घेईल? ऐच्छिक लेबल फक्त हुशार मुलगाच लावतो, बाकीचे गप्प बसतात आणि त्यांचा माल तसाच खपतो.

"पडतो किती फरक?" असं म्हणून खांदे उडवणाऱ्यांसाठी हिशेब मांडतो. रेझिस्टन्स १० टक्क्यांनी कमी झाला की इंधन १ ते २ टक्के वाचतं, हा या क्षेत्रातला मान्य ठोकताळा. १० च्या ऐवजी ७ चा टायर म्हणजे ३० टक्के कमी, म्हणजे ३ ते ६ टक्के बचत. लिटरला १८ देणारी गाडी ४०,००० किलोमीटरमध्ये २,२०० लिटरच्या वर पेट्रोल पिते. त्यातलं ६५ ते १३० लिटर वाचतं. मुंबईत पेट्रोल शंभरच्या वर आहे, तेव्हा साडेसहा ते तेरा हजार रुपये. टायरच्या किमतीतला चौथा हिस्सा ते निम्मी किंमत नुसत्या एका न छापलेल्या आकड्यात बुडते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना तर हे लगेच टोचतं. मोटर इंजिनाइतकी ऊर्जा वाया घालवत नाही, त्यामुळे टायरचा वाटा तिथे जास्त जाणवतो. मूळ टायर काढून कुठलेही घातले की त्याच चार्जमध्ये गाडी कमी जाते, आणि मग शिव्या बॅटरीला.

गंमत नाही, चीड येते अशी गोष्ट पुढे आहे. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांना हा आकडा पक्का माहीत असतो. त्यांच्यावर कॅफेचे, म्हणजे कंपनीच्या सगळ्या गाड्या मिळून सरासरी किती इंधन खातात त्याचे, नियम आहेत, २०२२-२३ पासून ताफ्याची सरासरी किलोमीटरमागे ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास ठेवायची आहे. त्यामुळे शोरूममधून निघणाऱ्या गाडीला त्या टायर कंपनीकडून कमी रेझिस्टन्सचा टायर मागून घेतात. आणि बदलायची वेळ आली की टायरवाला काय सांगतो? "कंपनीचे टायर म्हणजे कचरा, दगडासारखे, ते परत घेऊ नका." अ‍ॅव्हरेज हवं असेल तर लेबल नसलेल्या या बाजारात तो कंपनीचा टायरच तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम धागा आहे. गाडीसोबत आलेल्या टायरची कंपनी, नक्षीचं नाव, साइझ, आणि पुढचा आकडा-अक्षर, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५ ८८एच, हे जुने टायर उतरवायच्या आधी फोटो काढून ठेवा. तोच मागा. त्याच नक्षीचा दुकानात मिळणारा टायर कधी कधी वेगळ्या मिश्रणाचा असतो, म्हणून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करून साइझ आणि नक्षी लिहा, आणि एआयएस-१४२ च्या चाचणीतला रोलिंग रेझिस्टन्सचा आकडा लेखी मागा. शंभर जणांनी मागितला तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागेल.

त्यानंतर येतो 'अपसाइझ', म्हणजे ठरलेल्यापेक्षा रुंद टायर. "१९५ घाला साहेब, गाडी कशी भरल्यासारखी दिसते." दिसते! १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास, १९५/६५ आर १५ चा ६३४. दोन टक्के मोठा. गाडी १०० किलोमीटर गेली तरी मीटर ९८ दाखवतो. स्पीडोमीटर खरा वेग लपवतो. टायर जड, म्हणून सिग्नलला प्रत्येक वेळी ते वजन नव्याने फिरवायचं. रुंद, म्हणून हवेचा अडथळा जास्त. वळताना आतल्या फ्लॅपला घासतो तो वेगळाच. आणि हे सगळं अ‍ॅव्हरेज विचारायला आलेल्या माणसाच्या माथी मारतात. व्यास तोच ठेवून रिम बदलता येते, स्विफ्टच्या १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ मध्ये जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक आहे. पण पेट्रोल वाचवायचं असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या साइझपैकी सगळ्यात अरुंद साइझ घ्या. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मात्र कमी करू नका. ८८ म्हणजे टायरमागे ५६० किलो. पुस्तिकेत त्या साइझला जो दिलाय त्याच्या खाली उतरणं जिवावर बेततं.

आता इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. फक्त रेझिस्टन्सच्या मागे लागून ओल्या रस्त्यावरची पकड सोडू नका. "कडक रबर, म्हणून अ‍ॅव्हरेज चांगलं" असं सांगून स्वस्तातला टायर विकतात, आणि पहिल्या पावसात घाटातल्या वळणावर ब्रेक दाबला की गाडी सरळच जाते. कमी रेझिस्टन्स आणि ओली पकड दोन्ही एकत्र मिळतात ते सिलिकाच्या मिश्रणाने. मिशेलिनने १९९२ मध्ये असा टायर बाजारात आणला, तेव्हा ही काही कालची जादू नाही. ती महाग पडते, म्हणून स्वस्त टायरमध्ये काटकसर होते. म्हणून तर दोन्ही आकडे एकाच लेबलवर हवेत. कोकणात चार महिने पाण्यातून गाडी हाकणाऱ्याला पकडीचा आकडा आधी बघायचा हक्क आहे.

नवे टायर घातल्यावर अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून दुकानात भांडायला जाणाऱ्यांनीही थोडं थांबावं, कारण तिथे तो दुकानदार बरोबर असतो. गोटा झालेल्या टायरवर रबर कमी, म्हणून रेझिस्टन्स कमी. शिवाय ८ मिलिमीटरची नक्षी झिजून १.६ वर आली की व्यास १२.८ मिलिमीटरने, म्हणजे दोन टक्क्यांनी घटतो आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवत असतो. खोट्या आकड्याची सवय झालेली असते. तुलना करायची तर हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून बघा, तोच पंप, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबायचं, आणि तीन-चार टाक्यांची सरासरी. एका टाकीवरून काही कळत नाही. आणि त्या भीतीने गोटा टायर चालवत राहू नका, १.६ च्या खाली तो बेकायदा आहे आणि पावसात पाण्यावर तरंगतो.

एवढं करून योग्य टायर घेतला तरी फिटिंगला सगळं घालवतात. आधी कडेवरचे चार अंकी आकडे स्वतः वाचा, १८२५ म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा. चारही टायरचे वाचा, तीन नवे दाखवून चौथा दोन वर्षांचा खपवतात. बिलावर नक्षीचं नाव आणि हा आकडा लिहून घ्या. रबरी वॉल्व्ह नवे मागा.

मग अलाइनमेंट. कॉम्प्युटर आहे, स्क्रीनवर लाल-हिरवं दिसतं, पण प्रिंट मागितली की "प्रिंटर बंद आहे". का बंद असतो नेहमी? पुढच्या दोन चाकांचा टो, म्हणजे टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरातला फरक, नुसता ३ मिलिमीटरने चुकला तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे जवळपास अडीच मीटर आडवं घासत जातं. महागातला कमी रेझिस्टन्सचा टायर घेतलेला सगळा फायदा तिथे रस्त्यावर घासून जातो आणि टायर एका बाजूने खाल्ला जातो. आधीची आणि नंतरची अशा दोन्ही प्रिंट घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. "कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आउट आहे, चाकामागे एवढे लागतील" म्हणाला तर बहुतेक छोट्या गाड्यांत कॅम्बरला कंपनीने अ‍ॅडजस्टमेंटच दिलेली नसते, हे लक्षात ठेवा. हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट, म्हणजे चाक धरणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दांडा, वाकवतात आणि त्याला करेक्शन म्हणतात. कॅम्बर खरंच बाहेर असेल तर बुश, बॉल जॉइंट किंवा वाकलेला भाग शोधायला हवा. लोखंड वाकवायचे पैसे कसले घेता?

शेवटी हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर किती माणसांना किती पीएसआय ते लिहिलंय. कोणी बघत नाही. फिटिंगवाला सरसकट ४० मारून देतो, पंपावरचा पोरगा "कितने?" विचारून तुम्ही सांगाल ते भरतो, आणि काही महाभाग टायरच्या कडेवरचा कमाल दाब वाचून तोच भरायला लावतात. तो टायर सोसू शकतो तो दाब आहे, भरायचा नाही. हवा थंड टायरमध्ये मोजायची, गाडी किमान तीन तास उभी असताना. चालवून आणलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसतात. मग पोरगा ते सोडून देतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर चालू लागतो. चारही टायरमध्ये १ पीएसआय कमी म्हणजे सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त, ५ कमी असतील तर एक टक्का गेला. टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप जातात, म्हणून पंधरा दिवसांनी बघायचंच. नायट्रोजनसाठी पैसे द्यायची गरज नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि हिरवी टोपी बसवली म्हणून दाब तपासायचा सोडून दिला तर नुकसानच. पंपावरच्या मशिनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तीन-चारशे रुपयांचा स्वतःचा गेज घ्या, आणि स्टेपनीतली हवाही त्यानेच मोजा.